उसाचं बिल आणि पुण्यातला फ्लॅट

पुण्याहून सोलापूर रस्त्याने निघालं आणि भिगवण मागे पडलं की डाव्या हाताला उजनी धरणाचं पाणी दिसायला लागतं. तिथे डाळज. पत्ता सांगताना माणसं नंबर सांगतात: डाळज एक, डाळज दोन, डाळज तीन. बाजार भिगवणला, तहसील इंदापूरला, प्रांत आणि कॉलेज बारामतीला, नोकरी पुण्याला, अशी इथल्या घरांची ये-जा वर्षानुवर्षं ठरून गेलेली आहे.

त्यात आता पुण्याच्या कडेची वाघोली, मांजरी, मोशी, चिखली, रावेत ही नावं आली आहेत. उसाच्या दराबरोबर 'बुकिंग'ची चर्चा चालते. अमक्याच्या पोराने बुकिंग केलं, असं कौतुकाने सांगितलं जातं. पोराने दिलेलं असतं ते टोकन. त्यानंतरचा 'ओसीआर', म्हणजे बँकेने कर्जाचा पहिला हप्ता सोडण्याआधी आपल्या खिशातून बिल्डरकडे भरायची रक्कम, ही बापाच्या खात्यातून, आईच्या कपाटातून आणि पुष्कळदा बहिणीच्या सहीतून उभी राहिलेली असते. पोराच्या नावाच्या पाटीमागे एवढी माणसं उभी असतात आणि त्यांचा हिशेब सहसा कोणी मांडत नाही. तो मांडला पाहिजे असं मला वाटतं.

मुंबईच्या गिरण्या भरात होत्या तेव्हा पैसा शहरातून गावाकडे यायचा. गिरणीतला, गोदीतला माणूस मनीऑर्डर करायचा. त्यातून विहीर व्हायची, बहिणीचं लग्न व्हायचं, घरावर कौलांच्या जागी पत्रा चढायचा. आज तोच पैसा उलट्या दिशेने निघाला आहे. महिन्याचा पगार घेणाऱ्या मुलाला, पावसावर आणि कारखान्याच्या हप्त्यावर जगणारा बाप भांडवल पुरवतो. एका पिढीत झालेली ही उलथापालथ साधी नाही.

या पट्ट्यातल्या आई-बापांना घराचं एवढं का वाटतं, हे समजायचं तर उजनीकडेच बघावं लागतं. भीमेवरचं हे धरण 1980 मध्ये पूर्ण झालं. साठवण 117 टीएमसी. नदीकाठची काळी जमीन, जुनी गावठाणं, देवळं पाण्याखाली गेली. पळसदेवचं जुनं पळसनाथाचं देऊळ उन्हाळ्यात पाणी ओसरलं की वर येतं आणि लोक ते बघायला गर्दी करतात. महाराष्ट्राने प्रकल्पबाधितांच्या पुनर्वसनासाठी कायदा केला तो 1976 मध्ये, म्हणजे धरणाचं काम बरंच पुढे गेलेलं असताना. आज साठीच्या आसपास असलेल्या माणसांनी लहानपणी किंवा ऐन तारुण्यात आपलं नाही तर शेजारच्या गावाचं गावठाण उठताना पाहिलेलं आहे. त्यांच्या आई-बापांनी पुन्हा शून्यातून भिंती उभ्या केल्या. मग त्याच पाण्यावर उपसा सिंचनाच्या लिफ्ट बसल्या, ऊस उभा राहिला, पोरं शिकली. अशा माणसाला 'भाड्याच्या घरात राहू दे की त्याला आणखी दहा वर्षं' हे सांगून पटत नाही. घर नसणं म्हणजे काय, हे त्याने भिंती पडताना बघितलेलं असतं.

दुसरं कारण लग्नाचं, आणि ते जास्त निकडीचं आहे. मुलीकडचे स्थळ बघताना पुण्यात स्वतःचा फ्लॅट आहे का हे विचारतात. गावाकडे शेती आहे का हेही विचारतात. आणि मुलगा शेती करत नाही ना, याचीही खात्री करून घेतात. पश्चिम महाराष्ट्रात लग्न जमवणाऱ्या कोणालाही विचारा, बायोडाटातल्या या तीन ओळी तो तोंडपाठ म्हणून दाखवील. मुलीच्या आई-बापांना मी दोष देणार नाही. आपल्या लेकीचा जन्म शेणा-पाण्यात आणि उसाच्या पाचटात जाऊ नये, असं त्यांना वाटलं तर त्यात गैर काही नाही. पण परिणाम असा होतो की जे घर माणसाने पस्तिशी-चाळिशीत, पगार वाढल्यावर, थोडं साठवून घ्यायचं, ते सत्तावीस-अठ्ठाविसाव्या वर्षी, लग्नाच्या आधी घ्यावं लागतं. त्या वयात मुलाकडे साठलेलं काही नसतं. मधली दहा वर्षं बाप विकत घेतो.

किती रुपयांना, ते पाहू. हिशेबासाठी एक घर धरू: तीन एकर बागायत, एक मुलगा पुण्यात कंपनीत, दुसरा गावी शेती बघतो, एक मुलगी दिलेली. पुण्यातल्या मुलाने साठ लाखांचा टू बीएचके बघितला आहे, इमारतीचं काम अजून चालू आहे. रिझर्व्ह बँकेच्या नियमाप्रमाणे तीस ते पंचाहत्तर लाखांच्या कर्जात बँक घराच्या किमतीच्या जास्तीत जास्त 80 टक्के रक्कम देऊ शकते. म्हणजे 48 लाख कर्ज, 12 लाख आपले. पण हिशेब इथे संपत नाही, आणि बाप फसतो तो इथेच. पुणे आणि पिंपरी-चिंचवडच्या हद्दीत मेट्रोच्या अधिभारासह मुद्रांक शुल्क 7 टक्के: चार लाख वीस हजार. नोंदणी फी तीस हजार. काम चालू असलेल्या, आणि परवडणाऱ्या घरांच्या व्याख्येत न बसणाऱ्या इमारतीत जीएसटी 5 टक्के: तीन लाख. हे खर्च घराच्या किमतीत धरून त्यांवर बँक कर्ज देत नाही. सगळं मिळून साडेएकोणीस लाख. त्यात पार्किंगच्या, सोसायटीच्या नावाखाली मागितलं जाणारं काही धरलेलं नाही. फर्निचर, गॅस, पडदेही धरलेले नाहीत. आणि 48 लाखांवर साडेआठ टक्क्यांनी वीस वर्षांचा हप्ता बसतो महिना सुमारे 41,650 रुपये.

आता उसाकडे या. 2024-25 च्या हंगामात केंद्राने ठरवलेली एफआरपी, म्हणजे उसाचा किमान दर, 10.25 टक्के साखर उताऱ्याला टनामागे 3,400 रुपये होती. त्यातून तोडणी-वाहतूक वजा होते. सोयीसाठी हातात टनाला 2,800 येतात असं धरू आणि एकरी चाळीस टन. एक लाख बारा हजार झाले. बेणं, खतं, मशागत, पाणीपट्टी, विजेचं बिल, गावच्या विकास सोसायटीचं व्याज यांत निम्म्याच्या आसपास जातात; पंचावन्न हजार उरले म्हणू. तीन एकरांचे एक लाख पासष्ट हजार. साडेएकोणीस लाखांना याने भागा: जवळपास बारा वर्षं. बारा वर्षं त्या घराने एक घास खायचा नाही, आजारी पडायचं नाही, गावच्या मुलाने लग्न करायचं नाही. शिवाय आडसाली ऊस शेतात दीड वर्ष उभा असतो, म्हणजे पैसा दरसाल येतही नाही. कारखान्याकडून येणारा दिवाळीचा हप्ता, कांडेबिल, हे सगळं वरच्या हिशेबात आलंच.

तेव्हा उसाच्या बिलावर फ्लॅट होत नाही. 'उसाचे पैसे आले, पोराला दिले' असं सांगण्याची रीत आहे, पण जातं ते उत्पन्न नसतं. जाते ती पुंजी. आणि पुंजी एकदाच जाते.

पहिलं कपाट उघडतं ते आईचं. पाटल्या, गंठण, बोरमाळ पतसंस्थेत गहाण पडतात, पुढच्या दोन-तीन हंगामांत सोडवू या बोलीवर. व्याज भरत राहणं जमलं नाही की एक दिवस ते सोनं मोडलं जातं. कायद्याने स्त्रीधन हे त्या बाईचं एकटीचं असतं, नवऱ्याचंही नव्हे. प्रत्यक्षात तिला विचारलं जातं ते कसं, तर 'देतीस ना?' एवढंच. ती नाही म्हणत नाही. कोणती आई म्हणेल? म्हणूनच तिच्या होकाराचा हिशेब दुसऱ्याने ठेवायला हवा.

मग कर्ज. जिल्हा बँकेचं पीककर्ज तीन लाखांपर्यंत वेळेत फेडलं तर शून्य टक्क्यांनी पडतं, म्हणून ते उचलून बिल्डरला भरायचा मोह फार होतो. ते पैसे पिकातून फिरून येणार नसतात. मुदत टळली की सवलत जाते, खातं थकबाकीत जातं, पुढच्या वर्षी खताला पैसा उरत नाही. कुठे मुलाचा पगार कमी पडतो म्हणून बापाला बँकेत सहकर्जदार करतात. ती सही मोठी असते. मुलाची नोकरी गेली तर वसुली बापाकडूनही होऊ शकते, आणि बापाचं वय धरून बँक कर्जाची मुदत कमी करते तेव्हा हप्ता वाढतो. पासष्टीच्या माणसाने वीस वर्षांच्या कर्जावर सही करू नये, हे माझं स्पष्ट मत आहे. त्याने द्यायचं असेल तर जमेल तेवढं देऊन मोकळं व्हावं.

आणि शेवटी जमीन. रस्त्याकडेची असेल तर गिऱ्हाईक दारात उभं असतं. महामार्ग चौपदरी झाला, बारामतीच्या आणि लोणी देवकरच्या एमआयडीसीची हवा आहे, पाण्याकडेला रिसॉर्टचं गिऱ्हाईक आहे. 2023 पासून पुणे जिल्ह्यात तुकडेबंदीचं प्रमाणभूत क्षेत्र बागायतीसाठी दहा गुंठे आणि जिरायतीसाठी वीस गुंठे आहे. त्याहून लहान तुकड्याचं खरेदीखत सरळ होत नाही. म्हणून ओसीआरला पाच गुंठ्यांची रक्कम पुरत असली तरी दहा गुंठे विकले जातात आणि उरलेले पैसे बघता बघता संपतात हे गावात सगळ्यांना माहीत आहे. पुनर्वसनात मिळालेल्या जमिनीच्या सातबाऱ्यावर भोगवटादार वर्ग 2 अशी नोंद असेल तर परवानगीशिवाय ती विकताच येत नाही. तरीही साठेखत करून, ताबा देऊन पैसे उचलले जातात आणि पुढची पिढी कोर्टात जाते.

सातबारा नीट वाचला तर घराची सगळी कहाणी त्या एका कागदावर असते. डाव्या बाजूला खातेदारांची नावं, उजवीकडे 'इतर हक्क'. त्या रकान्यात सोसायटीचा बोजा, जिल्हा बँकेचा बोजा, कधी पाइपलाइनचं जुनं कर्ज. आणि वडील वारल्यावर आधी वारस म्हणून चढलेली आणि मग एका फेरफाराने कंसात जाऊन कमी झालेली दोन-तीन नावं. ती बहुतेक बायकांची असतात. फेरफाराच्या कारणात एक शब्द असतो: हक्कसोड.

इथे मला जरा थांबायचं आहे. महाराष्ट्राने मुलींना वडिलोपार्जित मिळकतीत मुलांइतका जन्मसिद्ध हक्क दिला तो 22 जून 1994 पासून. त्या वेळी राज्याचे मुख्यमंत्री बारामतीचेच होते, शरद पवार. राज्याचं पहिलं महिला धोरणही त्याच वर्षाचं. तेव्हाच्या कायद्यात आधी लग्न झालेल्या मुली वगळल्या होत्या. 9 सप्टेंबर 2005 च्या केंद्राच्या दुरुस्तीने तो भेद गेला आणि 11 ऑगस्ट 2020 ला सर्वोच्च न्यायालयाने विनीता शर्मा खटल्यात सांगून टाकलं की दुरुस्तीच्या दिवशी वडील हयात असोत वा नसोत, मुलीचा हक्क जन्माने आहे. म्हणजे बारामती-इंदापूरच्या लोकांना हा कायदा नवा नाही. तरीही जमीन विकून मुलाला फ्लॅट घ्यायचा ठरलं की मुलीला फोन जातो तो एवढाच: 'गुरुवारी इंदापूरला ये, आधार कार्ड घेऊन ये.' ती येते, सही करते, साडी-चोळी घेऊन जाते. भावाच्या घरात तिचा हिस्सा गेला तरी वास्तुशांतीच्या पत्रिकेत तिचं नाव 'आपले नम्र'मध्येही नसतं.

बहिणीने हक्क सोडूच नये असं मी म्हणत नाही. माहेर तुटू नये म्हणून, भावाचं बरं व्हावं म्हणून मनापासून सोडणाऱ्या बहिणी आहेत आणि त्यांच्या मोठेपणाला मोल नाही. माझं म्हणणं इतकंच, की ती देणगी आहे हे घरात मोठ्याने बोललं गेलं पाहिजे. किती गुंठे, आजच्या भावाने किती लाख, हे तिला कळलं पाहिजे. मग ती सोडो नाही तर मागो. शिवाय एक साधा प्रश्न कोणी विचारत नाही: तिच्या पहिल्या घराचं काय? तीही हडपसरला भाड्याच्या घरात राहते, तिचाही नवरा पगारदार आहे. तिच्या ओसीआरला माहेरचे दहा गुंठे का विकले जात नाहीत? एका स्त्रीच्या किंवा फक्त स्त्रियांच्या नावावर घर घेतलं तर महाराष्ट्रात मुद्रांक शुल्कात एक टक्का सूट आहे. साठ लाखांच्या घराला साठ हजार वाचतात. सरकारला जे सुचलं ते बापाला सुचायला हरकत नाही.

दुसरा विसरला जाणारा माणूस म्हणजे गावी राहिलेला भाऊ. धाकट्याच्या फ्लॅटसाठी जमीन जाते ती त्याच्या कसण्यातली. 'तुला गावचं घर राहिलं की' असं त्याला सांगितलं जातं. गावच्या घराची किंमत कागदावर काय, आणि म्हातारपणी आई-बापांना दवाखान्यात कोणी न्यायचं, हे मात्र सांगितलं जात नाही. या तालुक्यांत भावाभावांत जे दावे लागतात, त्यांच्या मुळाशी असा एखादा न लिहिलेला हिशेब असतो. धाकटा म्हणतो बाबांनी मला मदत केली. थोरला म्हणतो तो तुझा वाटा होता. दोघंही खोटं बोलत नसतात. बाबांनी काय दिलं, मदत की वाटा, हे बाबांनीच कधी सांगितलेलं नसतं.

ही अडचण आपल्या एकट्याची नाही. चीनमध्ये 'सहा पाकिटं' हा शब्दप्रयोग रूढ आहे: मुलाचे आई-बाप आणि दोन्हीकडचे आजी-आजोबा मिळून तरुण जोडप्याच्या घराची पहिली रक्कम भरतात. जपानने घरासाठी आई-बापांनी, आजी-आजोबांनी दिलेल्या रकमेला ठरावीक मर्यादेपर्यंत देणगी करातून सूट दिली आहे. सिंगापूरने तर आई-बापांच्या जवळ किंवा त्यांच्यासोबत घर घेणाऱ्यांना सरकारी अनुदान ठेवलं आहे. त्या सरकारांनी हे मान्य केलं की तरुण माणसाचं पहिलं घर आता त्याच्या एकट्याच्या पगारातून होत नाही. आपल्याकडे पंतप्रधान आवास योजनेच्या नव्या टप्प्यात व्याजाची जास्तीत जास्त 1.80 लाखांची सवलत आहे, पण घर 35 लाखांच्या आतलं हवं. म्हाडाच्या पुणे मंडळाची सोडत आहे. लग्नाची घाई नसेल तर तिथे अर्ज केल्याशिवाय खासगी बिल्डरकडे जाऊ नये. बाकी भार आई-बापांवर.

म्हणून कागदाचं थोडं. आई-बापांनी मुलाला किंवा मुलीला दिलेल्या पैशावर घेणाऱ्याला आयकर लागत नाही, रक्कम कितीही असो. पण ती बँकेतून जायला हवी: एका व्यवहारात दोन लाख किंवा अधिक रोख घेता येत नाही, आणि घराच्या व्यवहारात वीस हजार किंवा त्याहून जास्त रोख घेणं बेकायदा आहे. पिशवीत भरून पैसे नेण्याची सवय आता सोडलेली बरी. महापालिका-नगरपालिकांच्या हद्दीपासून कायद्याने ठरवलेल्या अंतराबाहेरची शेतजमीन विकली तर त्या नफ्यावर भांडवली नफ्याचा कर नाही, पण विक्रीची कागदपत्रं जपून ठेवावी लागतात, कारण मुलाच्या खात्यावर वीस लाख कुठून आले हे विचारलं जाऊ शकतं. रक्कम देताना साध्या कागदावर का होईना, लिहावं: ही भेट आहे, की उसनी, की वाटणीतली. वाटणीतली असेल तर सगळ्या मुला-मुलींच्या सह्या घ्याव्या. जमिनीची वाटणी सगळ्यांच्या संमतीने असेल तर महसूल अधिनियमाच्या कलम 85 खाली तहसीलदारांकडे अर्ज करून ती होते, कोर्टाची पायरी चढावी लागत नाही.

आणि सगळंच देऊन टाकलेल्यांसाठी 2007 चा ज्येष्ठ नागरिक कायदा आहे. त्याच्या कलम 23 प्रमाणे, सांभाळ करण्याच्या अटीवर दिलेली मिळकत, सांभाळ झाला नाही तर परत मागता येते. अर्ज प्रांताधिकाऱ्यांच्या न्यायाधिकरणापुढे करायचा, म्हणजे इथल्या माणसाने बारामतीला. पण ती अट बक्षीसपत्रात लिहिलेली असावी. ती नसल्यामुळे आई-बापांना सर्वोच्च न्यायालयापर्यंत झगडावं लागल्याची उदाहरणं आहेत. आपल्या पोरावर असा संशय घ्यायचा का, असं वाटेल. मला हा संशय वाटत नाही. चांगल्या मुलाला अशा ओळीने काही त्रास होत नाही.

एक दृश्य मात्र डोळ्यांसमोरून हलत नाही. नातवंड झालं की आई पुण्याला जाते, बाळाला बघायला. बाप गावी राहतो, कारण गोठ्यात जनावर आहे आणि उसाला रात्रीची लाइट आहे. चाळीस वर्षांच्या संसारानंतर दोघं शंभर किलोमीटरच्या अंतरावर वेगळी राहायला लागतात. मुलाच्या वाघोलीतल्या सोसायटीत पाणी टँकरने येतं. उजनीकाठची बाई सकाळी बादल्या भरून ठेवते. पुण्याचं सांडपाणी मुळा-मुठेतून भीमेत आणि भीमेतून उजनीत, तिच्या गावाच्या काठाला येऊन लागतं. शहराला या गावाने जमीन दिली, त्याचं सांडपाणी झेललं, मुलं दिली, आता म्हातारपणाची पुंजीही दिली. हे देणं ज्या घरांत आनंदाने होतं ती घरं मी कमी लेखत नाही. ते आंधळेपणाने होऊ नये, एवढीच तळमळ आहे.

तेव्हा मुलाला मदत करा, जरूर करा. पण कसती जमीन सगळी विकू नका. दोघांच्या औषधपाण्याला पुरेल एवढी राखा. आईचं सोनं शेवटी मोडा, आणि मोडलंच तर ते किती होतं हे लिहून ठेवा. दिवाळीत मुलगे, लेकी, सुना, जावई सगळे घरी असतात. त्यांच्यासमोर सातबारा आणि आठ-अचा उतारा काढून ठेवा, बिल्डरचा कागद ठेवा, आणि बोला. आणि लेकीला विचारल्याशिवाय टोकनचा चेक फाडू नका.